कोटेशन

नवी पेठेत आमचं दुकान, अरुंद जिना चढून वर.
खाली नाइट्यांचे ढीग, वर आम्ही.
मे महिना. पारा चव्वेचाळीसला टेकलेला,
कुलर नुसती गरम हवा इकडून तिकडं सरकवतोय.

गोवर्धन चिप्पा वहीचं पान घेऊन आला.
मागून त्याची आई, राजमणीबाई,
पदरानं गळा पुसत स्टुलावर टेकल्या.
यादीचं अक्षर सुरेख, हिशेब धाडसी.
मी कॅल्क्युलेटर बडवला: बावन्न हजार तीनशे.
"आणि आहेत किती?"
त्यानं आईकडं पाहिलं. आईनं खिडकीकडं.
"अडतीस."

आठ वर्षं झाली मला ह्या खुर्चीत.
यादी कशी सोलायची ते हाताला ठाऊक आहे.
आधी लाइटा. निळ्या-जांभळ्या, काचेआड फिरणाऱ्या.
"अठराशे रुपयांची दिवाळी आहे बे ही.
गेम अंधारातसुद्धा तेवढाच पळतो."
त्यानं खोडलं. पेन जरा जास्तच दाबून.
मग मॉनिटर: घरी टीव्ही आहे, सात हजार वाचले.
"आणि आईच्या सिरियली?"
"त्यातल्या सासवा मेल्या तरी
पुढच्या सोमवारी जित्या होत्यात," बाई म्हणाल्या. "खोड."

उरले साडेपाच हजार.
ते ग्राफिक्स कार्डातनंच निघणार होते.
माझ्याकडं एक पडून होतं,
विजापूर वेशीतल्या बंद पडलेल्या सायबर कॅफेचं.
टेबलावर ठेवलं. पोरगं गप्प.
बाईंनी उचललं, उलटं केलं,
अंगठ्यानं कडा चाचपल्या,
कातरायच्या आधी विडीचं पान चाचपतात तशा.
"हे छाट तर नव्हं?"

माझी मावशी वळायची, त्यामुळं छाट मला माहीत.
हजार विड्या नेल्या की तपासणारा मूठभर बाजूला टाकतो.
त्याचे पैसे नाहीत. विड्याही परत नाहीत.
"नाही," मी म्हणालो, "वापरलेलं आहे. छाट नाही."
म्हणताना आठवलं, त्याचा एक पंखा कुरकुरतो.
तेही सांगून टाकलं.
"कुरकुरू दे. चालतंय ना?"
"चालतंय."

"आणि ह्ये काळं डबडं? बत्तीसशेचं?
ह्यात तर काहीच खेळ दिसंना."
"पॉवर सप्लाय. तुमच्या बोळात माग आहेत ना?
सकाळी सगळे एकदम सुरू झाले की बल्ब डोळा मारतो.
तो झटका हे खातं."
"मग ह्याला हात लावू नको," त्या पोराला म्हणाल्या,
जणू तोच कात्री घेऊन बसला होता.

जोडता जोडता गोवर्धन हळूच म्हणाला,
दादा, आमच्या भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना,
ताटातसुद्धा तूस येती.
मी भंगाराच्या खणातनं एक फॅन काढला,
पुढच्या जाळीला बसवला, बोललो नाही.
सैफनशेठ मोबाइलमधून मान न काढता म्हणाले,
"फॅन एक. दीडशे. लिही."
बाईंनी कमरेची पिशवी सोडली.
"लिहा की. फुकटचं कशाला."

मग टेस्टिंग. प्रत्येक मशीनवर दहा मिनिटं,
तोच गेम: जंगल, दगडी वाट, आणि एक तुटका पूल.
मी पुलापाशी पोचतो तोवर दहा मिनिटं होतात,
तापमान लिहितो, बंद करतो, खोक्यात भरतो.
असा आठ वर्षं मी त्या पुलावर जाऊन परत आलोय.
घरी माझ्याकडं मशीन नाही. जागाही नाही.

रिक्षात त्यांनी कॅबिनेट मांडीवर घेतलं,
वर घरून आणलेली चादर, मोराची,
चारी बाजूंनी खोचलेली.
सैफनशेठ म्हणाले, आता जेवून घे.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन.
मागं खडखड माग, आणि त्यात
बारीकशी ओळखीची कुरकुर.
"दादा, पूल ओलांडला! पलीकडं काय आहे सांगू?"

"नको," मी म्हणालो.
जिन्यावर पावलं वाजत होती,
कुणाच्या तरी हातात वहीचं पान.
"ठेव बे. गिऱ्हाईक आलंय."